मोटारसायकलीचे तेल : निवडावे कसे आणि का?

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून मोटारसायकलीच्या तेलावर बोलावयाचे म्हटले की काही मंडळींच्या भुवया वर जाणार, हे मी जाणून आहे. ज्ञानेश्वरी, राज्यघटना, अर्थसंकल्प अशा विषयांची येथील श्रोत्यांना सवय. परंतु न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती लोकांना चार उपयोगाच्या गोष्टी कळाव्यात म्हणून. आणि उपयोगाची गोष्ट ग्रंथातच असते असे नाही, ती घरासमोर उभ्या असलेल्या दुचाकीतही असते. आपल्या देशात नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीनचतुर्थांश दुचाकी आहेत. दूधवाला, वायरमन, औषधांचा विक्रेता, शाळामास्तर आणि घरोघर जेवणाचे डबे नि पार्सले पोचविणारा तरुण या सर्वांचा संसार आज त्या दोन चाकांवर चालतो.

माझे काम कामगार संघटनेचे, म्हणून या प्रश्नाकडे मी वेगळ्या बाजूने पाहतो. कारखान्यातले यंत्र बिघडले तर ते दुरुस्त करावयाचे मालकाने. दुचाकीवर पोट भरणाऱ्या माणसाचे यंत्र मात्र त्याचे स्वतःचे असते. ते बिघडले की दुरुस्तीचा खर्चही त्याचा आणि बुडालेला रोजही त्याचाच. अशा माणसाला आपल्या यंत्रात काय ओतले जाते हे कळले पाहिजे. दुकानात संवाद होतो तो इतकाच : "कोणते तेल देऊ?" "चांगले द्या." श्रोतेहो, चष्म्याच्या दुकानात जाऊन "चांगला चष्मा द्या" असे कोणी म्हणत नाही, तेथे आपण नंबर सांगतो. तेलालाही नंबर असतो. तो डब्यावर छापलेला असतो आणि गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतही छापलेला असतो. हे दोन नंबर जुळविणे म्हणजेच तेलाची निवड. आजचे सारे व्याख्यान त्या एका वाक्याचा विस्तार आहे.

तेल नेमके काय करते?

वंगण ही आपल्याला नवी गोष्ट नव्हे. बैलगाडीच्या आखाला एरंडेल लावण्याची चाल जुनी आहे. एरंडाच्या तेलाने पुढे मोटारींच्या आणि विमानांच्या इंजिनांतही बरीच वर्षे काम केले. आज घरोघर ठाऊक असलेले 'कॅस्ट्रॉल' हे नाव १९०९ साली ठेवले गेले ते 'कॅस्टर' म्हणजे एरंड यावरूनच. हे तेल तापले तरी चिवट राहते. पण कालांतराने त्याचा चिकट राळेसारखा थर बसतो, म्हणून रोजच्या वाहनांत खनिज तेल आले.

तेल लावल्यावर दोन धातू एकमेकांवर सुखाने घसरतात, हे पिढ्यान्पिढ्या माहीत होते. का घसरतात हे मात्र १८८३ साली कळू लागले. इंग्लंडमध्ये ब्यूशँप टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आखाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले. आख फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी भोकातून उसळून बाहेर येऊ लागले. लाकडी खुंटी ठोकून ते भोक बंद केले, तर तेलाने खुंटीही बाहेर ढकलली. मग तेथे दाबमापक लावला. त्याचा काटा दर चौरस इंचास दोनशे पौंडांच्याही पुढे गेला. फिरणारा आख स्वतःच तेलाला ओढून आपल्याखाली खेचतो आणि त्या तेलाच्या पातळ पाटावर तरंगतो, असा त्याचा अर्थ निघाला. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. तात्पर्य, चांगल्या चाललेल्या बेअरिंगमध्ये धातूला धातू टेकतच नाही. मधे तेलाचा पडदा असतो. तेल फार पातळ झाले तर हा पडदा फाटतो. फार दाट असले तर ते अरुंद वाटांतून वेळेवर पोचत नाही आणि इंजिनाची शक्ती ते ढवळण्यातच खर्च होते.

येथे आणखी एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. एलायजा मॅकॉय हा गुलामगिरीतून पळून कॅनडात आलेल्या आईबापांचा मुलगा. त्याने एडिंबरोस यंत्रविद्येचे शिक्षण घेतले होते. तरीही कातडी काळी म्हणून अमेरिकेत रेल्वेने त्याला काम दिले ते कोळसा घालण्याचे आणि तेल देण्याचे. गाडी ठिकठिकाणी थांबवून सांध्यांना तेल द्यावे लागे. ते काम रोज हाताने करणाऱ्या या माणसाने, इंजिन चालू असतानाच तेल पोचविणारे पात्र तयार करून १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. यंत्राची नड यंत्रापाशी राबणाऱ्याला आधी कळते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्या मोटारसायकलीत तेलाला घर्षण कमी करण्याखेरीज आणखी कामे असतात. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पिस्टनची बरीच उष्णता तेलच वाहून नेते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांमधली फट तेलच बुजविते. जळणाची काजळी धुऊन ते आपल्या पोटात ठेवते आणि धातूला गंजू देत नाही. मोटारगाडीत ही कामे तीनचार लिटर तेलात वाटली जातात आणि गिअरपेटीचे तेल निराळे असते. शंभर-सव्वाशे सी.सी.च्या मोटारसायकलीत हे सारे जेमतेम एक लिटर तेल करते. वर गिअरचे दाते आणि क्लचच्या चकत्याही त्याच तेलात बुडालेल्या असतात. एकाच नोकराने दळण, धुणे, स्वयंपाक आणि पहारा सांभाळावा तसे हे आहे. म्हणून मोटारीला जे तेल अगदी उत्तम, ते मोटारसायकलीला उत्तमच असेल असे नाही.

पहिली खूण : दाटपणाचा आकडा

डब्यावर सर्वांत ठळक दिसतो तो '१० डब्ल्यू-३०' किंवा '२० डब्ल्यू-५०' असा आकडा. मागे एस.ए.ई. ही अक्षरे असतात. ती मोटार-अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेची. या संस्थेने दाटपणाची प्रतवारी १९११ साली प्रथम केली आणि तिचेच सुधारलेले रूप आज जगभर चालते.

प्रथम मागचा आकडा पाहू. तेल शंभर अंश सेल्सिअसला तापवितात, म्हणजे इंजिन चांगले गरम झाल्यावर असते तेवढे, आणि बारीक नळीतून ते किती वेळात वाहते ते मोजतात. दाटपणाचे माप सेंटिस्टोक. साधे पाणी सुमारे एक सेंटिस्टोक धरा. ९.३ पासून १२.५ च्या आत भरणारे तेल '३०' प्रतीचे, १२.५ पासून १६.३ च्या आतले '४०' चे आणि १६.३ पासून २१.९ च्या आतले '५०' चे. आकडा मोठा तेवढे गरमपणी तेल दाट, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता 'डब्ल्यू'. याचा अर्थ वजन असे कित्येक जाणती माणसेही समजतात. हे अक्षर 'विंटर' म्हणजे हिवाळ्याचे. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला दाटपणा सांगतो. तो जितका लहान तितके तेल थंडीत अधिक वाहते. परंतु ही थंडी कोणती? '२० डब्ल्यू' तेलाची कसोटी शून्याखाली पंधरा अंशांवर इंजिन फिरवून पाहण्याची आणि वीस अंशांवर पंप ते उचलतो का हे पाहण्याची. '१० डब्ल्यू' ची कसोटी शून्याखाली पंचवीस आणि तीस अंशांवर. निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात तेव्हाही पारा इतका खाली जात नाही. लेह-लडाखला हिवाळ्यात गाडी नेणाऱ्याने या आकड्याची काळजी वाहावी. आपण एवढेच समजावे की १० डब्ल्यू-३० हे तेल साध्या हवेतही २० डब्ल्यू-५० पेक्षा पुष्कळ पातळ असते. सकाळी पहिल्या किकला ते वरच्या भागापर्यंत लवकर पोचते. हे महत्त्वाचे का? इंजिन रात्रभर उभे राहिले की तेल खाली निथळते. सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या क्षणांत तो पडदा पुरता तयार झालेला नसतो आणि झीज होते ती तेव्हाच. गाडी सुरू करताच अॅक्सिलरेटर पिळून गुरगुराट करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

एकाच तेलाला दोन आकडे कसे? त्यात लांब साखळीचे बहुवारिक पदार्थ मिसळलेले असतात. ते उष्णतेने उलगडतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. मात्र मोटारसायकलीत हेच तेल गिअरच्या दात्यांत चिरडले जाते. तेथे या साखळ्या तुटतात आणि '४०' चे तेल वापरता वापरता '३०' कडे घसरते. मोटारसायकलीच्या तेलाने अशा चिरडण्याला टिकावे, अशी वेगळी अट त्यासाठीच घालतात.

मग आपण कोणता आकडा घ्यावा? जो पुस्तिकेत असेल तो. इंजिन आखणाऱ्याने बेअरिंगमधली फट, पंपाची ताकद आणि तेलाच्या वाटांची रुंदी एका ठरावीक दाटपणाचे तेल धरून ठरविलेली असते. शंभर सी.सी.च्या स्प्लेंडरला सामान्यतः १० डब्ल्यू-३० सांगतात, पल्सर १५० ला २० डब्ल्यू-५०, तर आजच्या बुलेटला १५ डब्ल्यू-५०. यांतले कोणतेही दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ नव्हे. प्रत्येक आपापल्या इंजिनाला योग्य. एकाच नावाच्या गाडीला निरनिराळ्या वर्षी निरनिराळे तेल सांगितलेले असू शकते, म्हणून शेजाऱ्याची नव्हे, आपल्या गाडीची आणि आपल्या सालाची पुस्तिका पाहावी. चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळा पंचेचाळीस अंशांपुढे जातो, तेव्हा दाट तेल घालावे का, असे विचारतात. पुस्तिकेत हवामानाप्रमाणे कोष्टक दिले असेल तर त्यातले जरूर घालावे. दिले नसेल तर निर्मात्याने आपला उन्हाळा हिशेबात धरलेला आहे असे समजावे.

जुन्या गाडीचा धूर बंद करण्यासाठी दाट तेल घालण्याचा एक रूढ उपाय आहे. धूर काही दिवस कमी दिसतो, खडखडही दबते. परंतु झिजलेल्या रिंगा दाट तेलाने भरून येत नाहीत. गाडी विकणाऱ्याच्या तो उपयोगाचा, ठेवणाऱ्याच्या नव्हे.

दुसरी खूण : दर्जाची अक्षरे

दाटपणा सारखा असला म्हणून दोन तेले सारखी होत नाहीत. तांदूळ किलोभर सारखाच, पण आंबेमोहोर वेगळा आणि जाडाभरडा वेगळा. तेलाचा दर्जा सांगणारी अक्षरे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, म्हणून त्यांना ए.पी.आय. म्हणतात. पेट्रोल इंजिनासाठी पहिले अक्षर 'एस', डिझेलसाठी 'सी'. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे तितका दर्जा अलीकडचा. एस.एल. २००१ साली आला, एस.एम. २००४ मध्ये, एस.एन. २०१० मध्ये, एस.पी. २०२० मध्ये आणि एस.क्यू. २०२५ मध्ये. आरंभीच्या एस.ए. दर्जाच्या तेलात पुरके म्हणून काहीच घालावे लागत नसे. आज तेलात काजळी धुणारी, ती गाळ होऊ न देता तरंगत ठेवणारी, आम्ल मारणारी आणि झीज रोखणारी द्रव्ये मिसळलेली असतात.

पुस्तिकेत 'एस.एल. किंवा त्यावरचे' असे लिहिले असेल तर एस.जे. घेऊ नये, एस.एन. चालेल. मात्र येथे एक खाच आहे. मोटारींच्या धुराड्यात धूर शुद्ध करणारे जे उपकरण असते, त्याला फॉस्फरस बाधतो. म्हणून मोटारींच्या नव्या पातळ तेलांत जस्त-फॉस्फरसचे झीजरोधक द्रव्य कमी केले गेले. मोटारसायकलीच्या गिअरला आणि कॅमला मात्र त्याची गरज असते. तेव्हा ए.पी.आय.चे अक्षर वरचे आहे एवढ्याने भागत नाही. त्यासाठी तिसरी खूण पाहावी लागते, आणि नेमके तिच्याकडेच कोणी पाहत नाही.

तिसरी खूण : जासो, म्हणजे ओल्या क्लचची गोष्ट

बहुतेक मोटारसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो. त्याला ओला क्लच म्हणतात. त्यात एकाआड एक बसविलेल्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात आणि इंजिनाची शक्ती चाकाकडे जाते. म्हणजे मोठीच अडचण पाहा : त्याच तेलाने पिस्टनला घसरू द्यावयाचे आणि क्लचला मात्र घसरू द्यावयाचे नाही! मोटारीच्या तेलात इंधन वाचावे म्हणून घर्षण आणखी घटविणारी द्रव्ये घालतात. ती मोटारीला बाधत नाहीत, कारण तिचा क्लच या तेलापासून दूर असतो. तेच तेल मोटारसायकलीत घातले तर क्लच घसरू लागण्याचा धोका असतो.

जपानच्या मोटार-प्रमाण संस्थेने यासाठी १९९८ साली चार-स्ट्रोक मोटारसायकलींच्या तेलाचे स्वतंत्र प्रमाण ठरविले. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'जासो' म्हणतात. खऱ्या क्लचच्या चकत्या तेलात बुडवून यंत्रावर फिरवितात आणि त्या किती घट्ट धरतात हे मोजतात. घट्ट धरणारे तेल 'एम.ए.', निसरडे तेल 'एम.बी.'. २००६ साली एम.ए.चे पुन्हा एम.ए.१ आणि एम.ए.२ असे भाग पाडले, एम.ए.२ ची पकड अधिक. या प्रमाणात फॉस्फरसही शेकडा ०.०८ ते ०.१२ असा बांधून दिला आहे. म्हणजे मघाची खाच येथे भरून निघते.

ओल्या क्लचच्या मोटारसायकलीला एम.ए. किंवा एम.ए.२, जे पुस्तिकेत असेल ते घ्यावे. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा आणि इंजिनाबाहेर असतो, तिला एम.बी. चालते, पुष्कळदा पुस्तिकेत तेच सांगितलेले असते. म्हणून घरात एक स्कूटर आणि एक मोटारसायकल असेल तर एकच मोठा डबा आणून दोहोंत ओतण्याची काटकसर करू नये. डब्यावर जासोची खूणच नसेल, किंवा ए.पी.आय.च्या वर्तुळात खालच्या बाजूस साधनबचतीची 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' अशी अक्षरे असतील, तर ते तेल मोटारीचे समजून परत करावे.

क्लच घसरतो हे ओळखावे कसे? खंबाटकीच्या चढावर मागे माणूस बसलेला आहे, अॅक्सिलरेटर पिळला, इंजिनाचा आवाज चढला, पण गाडीचा वेग चढला नाही, तर चकत्या घसरत आहेत. नुकतेच तेल बदलले असेल तर प्रथम त्या तेलाचा डबा पाहावा. वेळीच योग्य तेल घातले तर बहुधा निभावते. तसेच रेटले तर चकत्या जळतात आणि डब्यामागे वाचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च होतो.

हे सारे चार-स्ट्रोक गाडीचे झाले. राजदूत, येझ्दी, जुनी चेतक स्कूटर, १९८५ साली आलेली यामाहा आर.एक्स. १०० या दोन-स्ट्रोक गाड्या. त्यांत तेल पेट्रोलबरोबर जळून जाते. त्यांना दोन-स्ट्रोकचेच तेल लागते आणि गिअरपेटीचे वेगळे. त्याच १९८५ साली आलेल्या सी.डी. १०० सारख्या गाड्यांनी चार-स्ट्रोक इंजिन घराघरात नेले. जुन्या बिडाच्या बुलेटचे प्रकरण आणखी निराळे. तिच्यात इंजिन, गिअरपेटी आणि क्लचची साखळी यांचे कप्पे वेगवेगळे आहेत. अशा गाड्या हौसेने राखणाऱ्यांनी तिन्ही जागी काय घालावयाचे ते वेगवेगळे पाहावे.

महाग ते चांगले?

'मिनरल', 'सेमी-सिंथेटिक' आणि 'फुल्ली सिंथेटिक' हे शब्द डब्यावर मोठ्या अक्षरांत असतात, कारण किंमत त्यांवर ठरते. मिनरल म्हणजे कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले. सिंथेटिक म्हणजे मुळात रासायनिक क्रियेने बांधलेले. परंतु हायड्रोजनच्या साहाय्याने अतिशय शुद्ध केलेल्या खनिज तेलालाही सिंथेटिक म्हणावे की नाही, असा वाद अमेरिकेत निघाला आणि १९९९ साली जाहिरातींच्या परीक्षक मंडळाने 'म्हणण्यास हरकत नाही' असा निर्वाळा दिला. तेव्हापासून हा शब्द तेलाच्या जन्माविषयी फारसे सांगत नाही.

सिंथेटिक तेल वाईट असे मी म्हणत नाही. ते फार उष्णतेत लवकर बिघडत नाही आणि थंडीत चांगले वाहते. वेगवान, जास्त फेऱ्यांच्या इंजिनाला ते सांगितलेले असते, तेथे ते घालावेच. पण शंभर सी.सी.च्या साध्या इंजिनाला निर्मात्याने साधे तेल सांगितले असताना, केवळ मोठेपणा म्हणून महाग तेल घालणे आणि मग 'महाग आहे, दुप्पट टिकेल' म्हणून ते दुप्पट काळ चालविणे यात दुहेरी नुकसान आहे. तिन्ही खुणा जुळणारे साधे तेल वेळेवर बदलणारा माणूस महाग तेल वर्षभर चालविणाऱ्यापेक्षा आपले इंजिन अधिक जपतो.

वेळ, पातळी आणि डबा

तेल केव्हा बदलावे याचा आकडाही पुस्तिकेतच असतो. नव्या गाडीचे पहिले तेल पाचशे ते हजार किलोमीटरच्या आसपास बदलतात, कारण त्यात नव्या भागांचा कीस उतरलेला असतो. पुढे काही गाड्यांना तीन हजार, काहींना पाच-सहा हजार किलोमीटर सांगतात. रोज शंभर किलोमीटर हिंडणाऱ्याचे तीन हजार महिन्यात भरतात. त्याने तारखेवर नव्हे, किलोमीटरवर लक्ष ठेवावे. उलट ज्यांची गाडी घरापासून भाजी मंडईपर्यंतच जाते त्यांनी तारीख पाहावी. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि पाण्याचा अंश व पेट्रोल तेलातच राहून ते बिघडविते. तेल काळे पडले म्हणजे संपले असे नव्हे. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. मात्र ते दुधासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी शिरले आहे, ते लगेच बदलावे.

त्याहून अधिक इंजिने मरतात ती तेल कमी पडल्यामुळे. साध्या गाड्यांना बहुधा तेलाच्या दाबाचा दिवा नसतो. सांगणारी वस्तू एकच, ती म्हणजे तेलकांडी. आठवड्यातून एकदा गाडी सपाट जागी सरळ उभी करावी, इंजिन दोनचार मिनिटे चालवून बंद करावे, थोडे थांबावे, कांडी पुसून बुडवावी आणि दोन रेघांमध्ये तेल आहे ना ते पाहावे. कांडी आटे फिरवून बसवावयाची की नुसती टेकवावयाची, हे प्रत्येक गाडीचे वेगळे असते. वरच्या रेघेच्या पलीकडेही भरू नये. तेल घुसळून फेस होतो, आणि फेसाचा पडदा भार पेलत नाही.

डबा घेताना सील, महिना-साल, मापाचा आकडा आणि छापील किंमत पाहावी. २०११ च्या वजनमाप नियमांप्रमाणे ही माहिती पाकिटावर असणे हा आपला हक्क आहे. गॅरेजमध्ये डबा आपल्यादेखत फोडावयास सांगावे. त्यात लाजण्याचे कारण नाही; तांदूळ घेताना आपण मूठभर हातात घेऊन पाहतोच. आणि रिकामा डबा सोडताना त्याला भोक पाडावे, म्हणजे तो पुन्हा भरून दुसऱ्याच्या गळ्यात मारला जाणार नाही.

काढलेल्या तेलाचे काय?

तेल बदलणारा हात कोणाचा, हे आपण सहसा पाहत नाही. गॅरेजमधला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दिवसभर कोपरापर्यंत काळ्या तेलात असतो. पँटच्या खिशात तेलकट फडके आणि संध्याकाळी हात धुवावयास पेट्रोल. इंग्लंडात लँकेशायरच्या कापडगिरण्यांत 'म्यूल' नावाच्या सूतकताईच्या यंत्रावर काम करणाऱ्यांचे कपडे असेच तेलाने भिजत. त्यांच्या जांघेपाशी कर्करोग होतो हे मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९२२ साली दाखवून दिले. खबरदारीचे नियम मात्र १९५३ साली आले. मधली एकतीस वर्षे कामगारांनी आपल्या कातडीवर भरली. नीट शुद्ध न केलेली खनिज तेले कर्करोगास कारण होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनेही नोंदविले आहे. वापरलेल्या इंजिन-तेलातही जळणातून आलेली घातक द्रव्ये उतरलेली असतात.

म्हणून मी गॅरेजवाल्यांना सांगतो : मुलांना रबरी हातमोजे द्या, पेट्रोलने हात धुऊ देऊ नका, साबण ठेवा, तेलकट फडके खिशात नको, तेलाने भिजलेले कपडे रोज बदला. यांतली एकही गोष्ट महाग नाही. आणि गिऱ्हाइकांनीही हे मोजे मागितले पाहिजेत, कारण गिऱ्हाइकाचा शब्द मालक लवकर ऐकतो.

काढलेले तेल गटारात ओतणे, सेंट्रिंगच्या प्लेटांना फासणे, वाळवीसाठी दाराच्या चौकटीला लावणे या आपल्या जुन्या सवयी आहेत. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे धोकादायक कचऱ्यात मोडते. ते नोंदणी केलेल्या शुद्धीकरण-केंद्राकडेच जावयास हवे. तेथे त्याचे पुन्हा तेल होते. एप्रिल २०२४ पासून तेल बनविणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करून शुद्ध करविण्याची जबाबदारी टाकली आहे. तेव्हा घरी तेल बदलणाऱ्याने ते डब्यात साठवून, ज्या गॅरेजमधून ते असे रीतसर उचलले जाते तेथे द्यावे.

श्रोतेहो, पुस्तिका, आणि तिच्याशी जुळणाऱ्या तीन खुणा : दाटपणाचा आकडा, ए.पी.आय.ची अक्षरे, जासोची अक्षरे. एवढे एका चिठ्ठीवर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या वेळी दुकानदाराने "कोणते देऊ?" असे विचारले की ती चिठ्ठी पुढे करा. तो जाहिरात दाखवील, दुसऱ्या डब्यावर सूट आहे म्हणेल. आपण चिठ्ठीवर बोट ठेवावे. ज्याचे पोट यंत्रावर चालते, त्याला यंत्राची भाषा वाचता आली पाहिजे. ती वाचता येऊ लागली की कोणी त्याला सहजासहजी फसवीत नाही, मग ते तेलाच्या दुकानात असो वा कामाच्या करारात.